गणपती गेले की गवत: मुंबईच्या चिकण मातीत सोसायटीचं लॉन

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कुणीतरी म्हणतं, "बागेचं काहीतरी करायला पाहिजे," आणि नेमकी त्याच वेळी तुमची नजर सेक्रेटरींकडे जाते. तेवढं पुरतं. पुढच्या महिन्यापासून उद्यान समिती म्हणजे तुम्ही. माझं असंच झालं. मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला आमची जुनी सोसायटी. दोन इमारतींच्या मध्ये साधारण १,२०० चौरस फूट मोकळी जागा. पावसाळ्यात तिचं तळं व्हायचं आणि उन्हाळ्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. आज तिथे हिरवळ आहे. तीन वर्षं लागली, त्यातली दोन माझ्या घाईने वाया गेली. तुमची वाचावीत म्हणून क्रमाने लिहितो.

सुरुवातीला सगळेच यूट्यूब बघतात, मीही बघितलं. अडचण अशी की लॉनचे बरेचसे व्हिडिओ थंड प्रदेशातले असतात. चिकण माती त्यांच्याकडेही आहे, पण गवत निराळं. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास ही त्यांची गवतं. ती मंडळी ऑगस्ट-सप्टेंबरात बी पेरतात, हिवाळ्यात गवत बर्फाखाली निजतं, आणि मातीतलं पाणी गोठून-वितळून ढेकळं आपोआप सैल होतात. आपल्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे स्वेटर शोधण्यापुरती. ढेकळं फोडायला बर्फ नाही, त्याऐवजी वैशाखातलं ऊन आहे. शिवाय वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथलं बी आणून इथे पेरलं तर डिसेंबरात चार दिवस कोवळं दिसेल आणि मार्चमध्ये पिवळं पडून संपेल. त्यांच्याकडून एवढंच घ्या की मातीची मेहनत आधी आणि गवत सगळ्यात शेवटी. कॅलेंडर मात्र आपलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुमची बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर खालचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. भिजलेली माती फूटभर जाडीची असली तरी चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो भरते. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग वॉटरप्रूफिंग, आणि माळी त्यानंतर.

आधी एक पावसाळा नुसता बघा

जुलैत जोराचा पाऊस थांबला की अर्ध्या तासाने छत्री घेऊन खाली उतरा आणि मोबाइलवर फोटो काढा. पाणी कुठे साचलंय, गच्चीचा पाइप कुठे ओततोय, कुठून वाहून चाललंय. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोटो. चोवीस तासांनीही जिथे पाणी आहे तिथे गवत लावायचं नाही, ही पहिली खूणगाठ. तिथे काय लावायचं ते शेवटी सांगतो. पाणी आठवडाभर राहिलं तर डासांच्या अळ्या होतात आणि मग महापालिकेचे कीटकनाशक खात्याचे लोक तुमच्याआधी बाग बघायला येतात.

उन्हाचीही नोंद ठेवा. दोन उंच इमारतींच्या मध्ये ऊन किती तास पडतं हे आपल्याला वाटतं त्याहून खूप कमी असतं. चार-पाच तासांच्या आत असेल तर लॉनचा हट्ट सोडा. कोणतंही खत सूर्याची भरपाई करत नाही.

माती मुठीत घ्या

वीतभर खोल खणून ओली माती घ्या आणि अंगठा व तर्जनीच्या मध्ये दाबत तिची पट्टी काढा. इंचभर होऊन तुटली तर ठीक आहे. दोन इंच लांब, चकचकीत पट्टी न तुटता लोंबली तर ती अस्सल चिकण माती. आमची पट्टी इतकी सुंदर निघाली की शेजारच्या काकूंनी गणपतीची मूर्ती करायला मागितली.

दुसरी परीक्षा पाण्याची. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. इंचभर उतरली तर नशीबवान आहात. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर चर काढल्याशिवाय सुटका नाही. आमचा खड्डा रात्री भरला होता, सकाळी त्यात कावळा आंघोळ करत होता.

खाडीजवळच्या मंडळींनी आणखी एक बघायचं. एप्रिल-मेमध्ये मातीवर पांढुरकी पूड दिसते का? दिसली तर चाखून पाहू नका (मी पाहिली), माती परीक्षणाला द्या. पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची, वर जागा आणि तारीख लिहायची. जमीन चोपण निघाली, म्हणजे मातीत सोडियम जास्त असला, तर जिप्समचा उपयोग होतो, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतं. नुसत्या चिकण मातीला जिप्समने फरक पडत नाही. अहवाल हातात नसताना दुकानदार पोती गळ्यात मारायला लागला तर नम्रपणे नकार द्या.

वाफसा

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. आमचे माळीकाका जुन्नरकडचे, घरची शेती असलेले. दिवाळीआधी मी उत्साहाने कुदळ काढली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, अजून वाफसा नाही आला." मला शब्द माहीत होता, अर्थ माहीत नव्हता. त्यांनी चार इंच खालची मूठभर माती काढली, दाबली आणि मूठ उघडली. गोळ्यावर बोटांचे ठसे, हाताच्या रेषासुद्धा उमटलेल्या, आणि वर तेलकट चमक. कमरेच्या उंचीवरून त्यांनी तो खाली सोडला. थप्प आवाज झाला आणि तो थापलेल्या गोवरीसारखा चपटा बसला. "ह्याच्यात कुदळ मारली की विटा पाडणार तुम्ही."

दहा-बारा दिवसांनी तेच पुन्हा केलं. या वेळी गोळा झाला, पण खाली पडल्यावर चार-पाच तुकडे होऊन विखुरला आणि तळहाताला चिखल लागला नाही. हा वाफसा. चिखल सरलेला असतो आणि दगड अजून झालेला नसतो, त्या मधल्या दिवसांत चिकण माती खणायची, भुसभुशीत करायची, सपाट करायची. ओली खणली तर कुदळीच्या पात्याने माती लिंपली जाते, तिच्यातली हवेची पोकळी मिटते आणि वाळल्यावर ढेकळं फुटत नाहीत. ती चूक सुधारायला एक अख्खा हंगाम जातो. उशीर केलात तर कुदळ उडते. मोसमी पाऊस मुंबईतून परत फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, म्हणजे वाफसा साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा दिवाळीच्या आसपास येतो. त्यातही सावलीतली जागा उन्हातल्या जागेच्या मागे असते, तेव्हा दोन्हीकडची मूठ वेगळी बघा.

पाण्याला वाट द्या

वाफसा मिळाला की पहिलं काम उताराचं. इमारतीपासून दूर जाणारा, दर १० फुटांना २ इंच इतका उतार पुरतो, डोळ्यांना तो जाणवतही नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप आणि दोन खुंट्या घेतल्या की काम होतं. भिंतीच्या कडेला माती चढवून प्लिंथला टेकवू नका, तळमजल्याच्या घरात ओल येते आणि मग बागेवरून भांडण होतं.

चर तळ्याच्या जागेतून काढायची. आमची ४० फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट खोल आहे. तळाला आणि बाजूंनी जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर खडीचा थर, मग भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खाली करून, पुन्हा खडी आणि वरून कापडाची घडी. कापड विसरलात तर दोन पावसाळ्यांत चिकण माती खडीत शिरून चर बुजते. हिशोब सोपा आहे. ४० गुणिले १ गुणिले दीड म्हणजे ६० घनफूट, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा पाऊण ब्रासच्या आत खडी लागते. पाइपाचं तोंड पावसाच्या पाण्याच्या गटारात काढा, मैलापाण्याच्या चेंबरमध्ये कधीच नाही. शोषखड्डा काढून पाणी त्यात सोडा असं कुणी सुचवलं तर विचारा, "आणि ते जिरणार कुठे?" चिकण मातीत शोषखड्डा म्हणजे विहीर.

झाडांजवळ चर हाताने खणा, मुळं तोडू नका. फांद्या आड येत असतील तर परस्पर कोयता चालवायचा नाही. १९७५ च्या महाराष्ट्र झाडे जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी.

माझी रेतीची गोष्ट

पहिल्या वर्षी मी ब्रासभर रेती टाकून घेतली. चिकण मातीत रेती घातली की ती मोकळी होते, हे ऐकायला किती तर्कशुद्ध वाटतं! १,२०० चौरस फुटांवर एक ब्रास म्हणजे जेमतेम इंचभर थर. आम्ही तो मातीत कालवला, आणि फेब्रुवारीत माळीकाकांची कुदळ जमिनीवर खणखणली. चिकण मातीचे कण इतके बारीक असतात की ते रेतीच्या कणांमधल्या फटीत बसतात, आणि जे तयार होतं ते काँक्रीटच्या जातीचं. रेतीने खरा फरक पाडायचा तर माती निम्म्याहून जास्त रेतीच करावी लागते. त्या पैशात लोणावळ्याला जाऊन हिरवळ बघून या.

दुसरी प्रचलित युक्ती म्हणजे वर दोन इंच लाल मातीचा थर पसरायचा. दिसतं छान. पण लाल माती आणि खालची चिकण माती यांच्या सीमेवर पाणी अडतं आणि गवताची मुळं त्या डबक्यात बसतात. लाल माती वापरायची तर खालच्या सहा इंचांत नीट मिसळून.

उपाय एकच, कंपोस्ट, आणि भरपूर. दोन इंच जाड पसरून सहा-आठ इंच खोल मिसळायचं. आमच्या जागेला दोन ब्रास लागलं. एवढं विकत घ्यायची गरज नाही. रोज १०० किलोहून जास्त ओला कचरा करणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी आपला कचरा आवारातच जिरवावा, अशी सक्ती महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून केली. तेव्हापासून बऱ्याच मोठ्या संकुलांच्या मागे कंपोस्टच्या गोणी पडून असतात. जाऊन विचारा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. फक्त हात घालून बघा. गरम लागलं किंवा आंबूस वास आला तर ते अजून कुजायचं आहे.

वैशाख ते श्रावण

चर झाली की हिवाळ्यात वाफशावरच जमीन एकदा आठ-नऊ इंच खणून ढेकळं उघडी ठेवा. रान तापू द्यायचं. मार्च ते मे ती भेगाळतात, आपसूक सुटतात, लव्हाळा या चिवट तणाच्या काही गाठीही वर येऊन वाळतात. मे महिन्यात कंपोस्ट मिसळून जमीन ढोबळ सपाट करा. पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, त्याच्या आत हे उरकायला हवं.

आता मोह आवरा. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी एका लँडस्केपवाल्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात लॉनच्या लाद्या, म्हणजे मातीसकट कापून आणलेलं तयार गवत, अंथरून दिल्या. बिल दिलं, फोटो काढले, पेढे वाटले. जुलैत लाद्या तरंगल्या. अक्षरशः. उरलेल्या ऑगस्टपर्यंत कुजल्या.

पावसाळ्यात तिथे धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा. खाऱ्या आणि पाणथळ जमिनीत तो तग धरतो, त्याची मुळं चिकण मातीत खोल शिरतात आणि हवेतला नत्र मातीत आणतात. दीड महिन्याचा, कमरेएवढा झाला की जमिनीलगत कापून तिथेच पसरून द्या. शेतात तो गाडतात, पण आपल्याकडे ऑगस्टात वाफसा नसतो, म्हणून गाडायचा नाही. मुळं आतल्या आत कुजून वाटा सोडतात, तेवढं आपल्याला पुरे. काही सभासद "हे काय जंगल वाढवलंय" म्हणतील. सप्टेंबरपर्यंत थांबायला सांगा.

गवत कोणतं

उन्हातल्या, पोरं खेळणाऱ्या जागेला हरळीच्या जातीचं लॉन. नर्सरीत ते सिलेक्शन नंबर वन म्हणून मिळतं. तुडवलं तरी उठतं. मेक्सिकन कार्पेट दिसायला मखमल, पण वाढ मंद आणि क्रिकेटला नाही टिकत. अर्धवट सावलीत रुंद पानांचं बफेलो गवत. खारेपणा असेल तर पास्पालम मागा.

लावायचं गणपती गेल्यावर. आमच्याकडे मांडव त्याच जागेवर पडतो, हे एक कारण. खरं कारण हे की तेव्हा पावसाला उघडीप मिळते, माती अजून कोमट-ओली असते आणि पुढे ऑक्टोबर हीटचं स्वच्छ ऊन असतं. वाळलेला धैंचा उचला, मुठीची परीक्षा घ्या, फळीने सपाट करा. गवताच्या काड्या तीन-चार इंच अंतरावर, निदान दोन पेरं मातीत जातील अशा टोचायच्या. लाद्यांपेक्षा हे स्वस्त आहे, आणि चिकण मातीत जास्त खात्रीचं, कारण मूळ पहिल्या दिवसापासून तुमच्याच मातीत असतं. लाद्यांखाली दुसऱ्याच कुठली माती येते, तिच्याबरोबर लव्हाळाही.

लव्हाळ्याबद्दल दोन शब्द. महापुरात लव्हाळे वाचतात म्हणतात ते उगाच नाही. वरचं पातं उपटलं की खालची गाठ दुप्पट जोमाने फुटते. खुरप्याने मूळ धरून, गाठीसकट, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना काढा, आणि दर आठवड्याला काढा. मी कंटाळून एक गणपती ते दिवाळी सोडून दिला होता, तर पुढचं अख्खं वर्ष फेडत होतो.

पाणी, कात्री, खत

पहिले तीन आठवडे रोज हलकं पाणी. मग हळूहळू कमी करत आठवड्यातून दोनदा, पण भरपूर. हिवाळ्या-उन्हाळ्यात लॉनला आठवड्याला इंचभर पाणी पुरतं, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. आमच्या जागेला हे पावणेतीन हजार लिटर होतं. १० हजार लिटरचा टँकर महिनाभरही जात नाही. हा आकडा सभेत आधीच सांगा, एप्रिलमध्ये पाणीकपात लागल्यावर नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर त्याच्यापेक्षा लॉन थोडं पिवळं पडू दिलेलं बरं, पहिल्या पावसात हरळी परत येते.

कापताना उंचीचा एक तृतीयांशच कापायचा. चार-साडेचार सेंटिमीटर ठेवायचं तर साडेसहाला पोचलं की यंत्र काढा. पावसाळ्यात ही पाळी आठ-दहा दिवसांनी येते, जानेवारीत महिन्याने. जमिनीत चिखल असताना यंत्रच काय, पायही ठेवू नका. चिकण माती दबली की तिच्यातली हवा गेली. युरिया चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे १,२०० चौरस फुटांना किलोभर, तोही फेकून लगेच पाणी. मुसळधार पावसात टाकलात तर तो खाडीला.

दिवाळीनंतर वाफशावर बागेच्या काट्याने चार इंच खोल, वीत-वीत अंतरावर भोकं पाडा आणि त्यात चाळलेलं कंपोस्ट झाडूने ढकला. मांडवाचे बांबू रोवलेल्या ठिकाणी गवत सगळ्यात आधी हिरवं झालेलं बघून हे मला पटलं.

मधेच गवताचा तुकडा पिवळा पडून सतरंजीसारखा उचलला जात असेल तर खाली हुमणी आहे, मुळं तिने खाल्ली. पांढऱ्या, वळलेल्या अळ्या हाताने वेचा, उरलेल्या साळुंक्या आणि बगळे संपवतात.

जिथे गवत नको

लोक जिथून चालतात तिथे पाटी लावून उपयोग नाही. आमच्याकडे दूधवाला, पेपरवाला आणि शाळेची पोरं गेटपासून बी विंगपर्यंत तिरकी वाट काढायची. दोन वर्षं दोऱ्या बांधल्या. तिसऱ्या वर्षी त्याच वाटेवर खडीच्या थरावर फरश्या बसवल्या, मध्ये पाणी जायला फट ठेवून.

तळ्याच्या जागी सोनटक्का आणि कर्दळ लावा. दोघांनाही ओल आवडते, आणि भर पावसात सोनटक्क्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. सावलीत क्लोरोफायटम, सिंगोनियम. खाऱ्या बाजूला झाड हवं असेल तर भेंड, करंज, उंडी ही आपल्या किनाऱ्याचीच झाडं आहेत. सोनचाफा लावायची सगळ्यांना हौस असते, पण पाणी साचलं की तो बसतो. त्याला उंचवटा करा. कोणत्याही रोपासाठी चिकण मातीत खोल खड्डा काढून त्यात मऊ माती भरू नका, पावसात त्याची बादली होते. खड्डा उथळ आणि रुंद, आणि रोपाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर.

आणि एक कोपरा, उन्हातला, श्रावण लागला की कापायचा थांबवा. तिथे युरिया नाही, कसलं औषध नाही. हरळी म्हणजेच दूर्वा, आठ-पंधरा दिवसांत ती तीन पानांचे कोंब काढते. चतुर्थीला पहाटे सहा वाजता खाली उतरलात तर दोघी-तिघी आधीच वाकलेल्या दिसतील, साडेसहापर्यंत कोपरा साफ.